कडा कापलेला अभ्यासक्रम

पुस्तक चांगलं की वाईट, हे बाइंडरीण एका झटक्यात सांगायची. पुस्तक मधोमध उघडायचं, दोन्ही पुठ्ठे दोन हातांत धरायचे, पानं खाली लोंबकळू द्यायची आणि धोबी चादर झटकतो तसं झटकायचं. पान सुटलं तर पुस्तक भिकार, नाही सुटलं तर उत्तम. आत काय लिहिलंय ती लिहिणाऱ्याची डोकेदुखी. आजवर गाडाभर पुस्तकं तिच्या हाताखालून गेली असतील, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं एखादंच. हलवायाला कुठं गोड खायची हौस असते?

तिचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. खिडकीशी पुस्तकं दाबून ठेवायचा शिकंजा, त्याच्या बाजूला मोठ्या चाकाचं कटिंग मशीन, भिंतीला पुठ्ठ्यांची थप्पी आणि खळीचं भांडं. घरात शिरणाऱ्या माणसाच्या पायाला काही ना काही चिकटल्याशिवाय राहत नसे. नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. तो दिवसभर वरखाली आणि ही दिवसभर एका पाटावर.

पोरगी बारा वर्षांची. घरात तिला भुंगा म्हणायचे, कारण लहानपणापासून कानाशी अखंड गुणगुण. आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वर-खाली का होत नाही? मासे शिंकतात का? खाली जाणाऱ्या लिफ्टमध्ये उडी मारली तर माणूस छताला धडकेल का? बाप वैतागून न्हाणीघरात जाऊन बसायचा, तर ही दाराबाहेर उभी राहून विचारायची, "बाबा, आत आवाज घुमतो तो का?"

मग मोठी शाळा आली. तिथं पद्धत अशी, की तासाला मध्येच तोंड उघडायचं नाही. प्रश्न असला तर चिठ्ठीवर लिहून टेबलावरच्या डब्यात टाकायचा. डबा महिनाअखेरीला उघडणार, तोही वेळ उरला तर. भुंग्यानं वर्षभर चिठ्ठ्या टाकल्या. मग टाकायचं सोडलं. मग घरातही विचारायचं सोडलं. मार्क मात्र वाढत गेले. मार्क वाढले तसा आवाज घटला.

बाइंडरिणीच्या आधी काही लक्षात आलं नाही. उलट बरं वाटलं, की पोरगी शहाणी झाली. मग एकदा सगळी जेवायला बसलेली असताना वरचा दिवा निळा भडका मारून फटकन फुटला. बाप दचकला, आई ओरडली. पोरीनं गुपचूप ताट उचललं आणि आतल्या उजेडात जाऊन जेवायला लागली. का फुटला, निळाच का, एक अक्षर नाही. बाइंडरीण काचा गोळा करत राहिली, पण लक्ष सगळं पोरीकडं.

सहावी संपली तशी तिनं ठरवलं, की पोरीला घरी शिकवायचं.

नवऱ्यानं डोक्याला हात लावला. "अगं, पोरगी नापास झाली असती तर एक वेळ समजलो असतो. चांगले मार्क पडतायत आणि शाळा सोडायची? लोक पायाला काटा लागला की बूट घेतात, तू बूट काढायला निघालीस."

"बूट चावतोय अहो तिला."

"ती म्हणाली तसं?"

"ती काहीच म्हणत नाही. तेच तर सांगतेय."

नणंद दुसऱ्या शाळेत गणित शिकवायची. वयानं लहान, पण जिभेनं थोरली. ती म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण शिकवणं म्हणजे पुठ्ठे लावणं नव्हे."

"माहीताय. पुठ्ठे लावायला अक्कल लागते."

नणंद हसली, पण मान हलवतच राहिली. शेवटी नवऱ्यानं तोड काढली. शाळा उघडेपर्यंत कुठला अभ्यासक्रम घ्यायचा ते ठरव. नीट, दाखवण्यासारखा. ठरला तर एक वर्ष मी तोंड उघडणार नाही. नाही ठरला तर पहिल्या दिवशी दप्तर पाठीला, आणि मग माझ्याशी वाद नाही. बाइंडरीण कबूल झाली. कबूल झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की अभ्यासक्रम निवडायचा कसा हे आपल्याला ठाऊकच नाही. झटकून थोडाच कळणार होता?

पण आधी तिनं झटकूनच बघितला.

इकडं तिकडं विचारून तिनं तीन ठिकाणचे नमुने मागवले. पहिला आला तो जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांचा ढीग. धाग्याची शिवण, पाठीला कापड, झटकला तर पान जागचं हललं नाही. बाइंडरिणीनं पुस्तकाच्या पाठीवरून घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. आत रोजच्या रोज आईनं काय बोलायचं ते छापलेलं. भुंग्यानं दोनचार पानं उलटली आणि म्हणाली, "आई, यात मी काय विचारणार तेही लिहिलंय."

"म्हणजे?"

पोरीनं वाचून दाखवलं. "'इथे मूल विचारेल, पाऊस कसा पडतो. तेव्हा हसून म्हणावे, वा, छान प्रश्न.'"

"आणि नाही विचारलंस तर?"

"ते नाही लिहिलेलं," असं म्हणून पोरीनं पुस्तक मिटलं.

दुसरा अभ्यासक्रम पडद्यावरचा. त्यात एक पोपट होता. उत्तर बरोबर आलं की तो टाळ्या वाजवायचा. पोपटाला हात नसताना टाळ्या कशा, हे आधीच्या भुंग्यानं पहिल्यांदा विचारलं असतं. आताच्या भुंग्यानं थोड्याच वेळात वेगळी गोष्ट शोधली. मुद्दाम चुकत राहिलं की पोपट कंटाळून स्वतःच उत्तर सांगतो आणि टाळ्याही स्वतःच वाजवतो. तिनं अख्खा धडा तसाच पार केला. बापाला मात्र पोपट आवडला. जेवण झाल्यावर तो स्वतःच खेळत बसला आणि अपूर्णांकात तीनदा आपटला.

तिसरा आला तो एका खोक्यात. मास्तरकी करून निवृत्त झालेलं एक जोडपं तो घरच्या घरी छापायचं. खोकं उघडलं आणि बाइंडरीण बघतच राहिली. सगळी सुटी पानं! पुठ्ठा नाही, शिवण नाही, पानांना आकडेसुद्धा नाहीत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक प्रश्न, खाली चित्रं आणि मजकूर. झटकायची सोयच नव्हती, झटकलं असतं तर सगळंच पडलं असतं.

नवऱ्यानं खोक्यात डोकावून विचारलं, "ही रद्दी घेऊन पोरगी सातवी करणार?"

बाइंडरिणीलाही मनातून तसंच वाटलं. पण पोरगी त्या खोक्याभोवती घुटमळत होती. बोलत काही नव्हती, नुसती येता-जाता दोनचार पानं काढून न्यायची. पुढं पुढं तिनं कटिंग मशीनच्या टेबलाखाली पानं पसरायला सुरुवात केली. वाकड्यातिकड्या रांगा, मध्येच फांदी फुटल्यासारख्या. आईला दिसला तो पसारा. काय करतेयस म्हणून विचारलं, तर पोरगी म्हणाली, "काही नाही."

शाळा उघडायला थोडेच दिवस उरले, तेव्हा नणंद भाचीला आपल्याकडं राहायला घेऊन गेली. घर रिकामं झालं आणि बाइंडरिणीच्या हाताला खाज सुटली. तिनं विचार केला, पोरीचा जीव या पानांवर दिसतोय. नवऱ्याला ती रद्दी वाटते, कारण ती रद्दीसारखी दिसते. बिनशेंडीचा नारळ कोण देवापुढं ठेवतं? आपण याचं पुस्तक करू. नीट, दाखवण्यासारखं. मग बघू कोण रद्दी म्हणतंय.

तिनं टेबलाखालची, खोक्यातली सगळी पानं गोळा केली. आकडे नव्हते म्हणून कागदाच्या रंगानुसार लावली, पिवळी एकीकडं, निळसर एकीकडं. सुट्या पानांना घडी नसते, म्हणून एका बाजूनं दाभणानं भोकं पाडून पक्की शिवण घातली. पाठीला लाल कापड, वर कडक पुठ्ठा. कडेला रंगांचे अर्धवट ठिपके आणि रेघा छापलेल्या दिसत होत्या. छपाईवाल्यानं शाई पुसायला वापरलेली जागा असणार. फार घाण दिसत होती. मशीनचं चाक फिरवून तिनं तिन्ही बाजू सरळ रेषेत कापून टाकल्या. अशी धार आली, की बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरल्यासारखं. नवऱ्यानं हातात घेऊन बघितलं आणि कबूल केलं, "हां. आता हे पुस्तक दिसतंय."

दुसऱ्या दिवशी नणंद भुंग्याला घेऊन आली. आईनं लाल पुस्तक तिच्या हातात ठेवलं. पोरीनं ते उघडलं, दोन पानं उलटली आणि मिटलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

हा आवाज बाइंडरिणीनं वर्षभर ऐकला होता. शाळा कशी होती, छान. डबा खाल्लास का, हो. दिवा फुटला तेव्हाचा गप्पपणा याच आवाजाचा सख्खा भाऊ.

"काय झालं?"

"काही नाही."

"भुंग्या, काही नाही म्हणालीस तर बघ. शिव्या दे हवं तर, पण बोल."

पोरीचा बांध फुटला. "कडा कुठायत?"

"कडा? कापल्या."

"का कापल्या? त्याच तर होत्या! एका पानाच्या कडेला अर्धा ठिपका, दुसऱ्याच्या कडेला उरलेला. ते जुळलं की कळायचं कुठलं पान कुणाच्या शेजारी. वरून जुळायचं, खालून जुळायचं, बाजूनं जुळायचं. मी निम्मं जुळवत आणलं होतं. मुंग्यांच्या पानावरून मी नकाशावर गेले होते आणि नकाशावरून कुलपावर. कुलपावर का, ते मला कळत होतं आता, आणि तू रंगानं लावलंस! आणि चौथी कड शिवलीस!"

नणंद उंबऱ्यातच थबकली. भाचीला इतकं बोलताना तिनं कैक दिवसांत ऐकलं नव्हतं.

बाइंडरिणीनं कातरणाचं पोतं ओढून जमिनीवर उपडं केलं. त्यात साऱ्या आठवड्याचं कातरण, गवतासारखं. माय-लेकी गुडघ्यावर बसून चाळू लागल्या. हाती आली एक पट्टी, तिच्यावर अर्ध्या ठिपक्याचाही अर्धा. पोरीनं ती फेकली. "यातून काही जुळत नाही."

बाइंडरिणीनं पोतं बाजूला सारलं. पातं घेतलं, लाल कापड फाडलं आणि स्वतःची शिवण स्वतः कापली. आजवर तिनं दुसऱ्यांच्या कित्येक शिवणी उसवल्या होत्या, स्वतःची कधी नाही. पक्की घातली होती, लवकर सुटेना. सुटली तशी पानं पुन्हा टेबलाखाली पसरली.

"मला सांग," ती म्हणाली. "मुंग्यांच्या शेजारी नकाशा का?"

"तू वाच ना."

म्हणून तिनं वाचलं. मुंग्यांना वाट कशी सापडते? मुंगी चालताना वास सोडते आणि मागची त्या वासावरून येते. बाइंडरिणीनं खळीच्या भांड्याकडं येणारी मुंग्यांची रांग आयुष्यभर ओल्या फडक्यानं पुसली होती. पुसल्यावर त्या गोंधळून गोल का फिरतात हा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. "म्हणजे मी त्यांचा रस्ताच पुसत होते?"

"हां. म्हणून नकाशा."

"मग या लोखंडी पुलाच्या शेजारी काय? उन्हाळ्यात पूल लांब का होतो म्हणे."

"ते मला माहीत नाही. तिथपर्यंत पोचलेच नव्हते."

"घड्याळ असेल," नणंदेनं चप्पल काढली आणि तीही खाली बसली. "जुन्या घड्याळाचा लंबक उन्हाळ्यात लांब होतो, म्हणून ते मागं पडतं."

"आत्या, घड्याळ झोपेच्या शेजारी आहे. ते मी जुळवलेलं आठवतंय."

"दोन्हीकडं असू शकतं की. कडा चार होत्या."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला तिघींच्या पाठी दिसल्या आणि चहाचं नाव नाही. तो बुटांसकट वाकून बघू लागला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, "पूल लिफ्टच्या बाजूला लावा. तारा ताणतात."

"लिफ्टचं पानच नाहीय बाबा."

"नाही? मग कसला अभ्यासक्रम हा!" असं म्हणत तो खाली बसला. त्याला खाली बसवायला एवढं पुरलं. पण करार तो करार. थोड्या वेळानं त्यानं विषय काढलाच. "उद्या शाळा उघडतेय. ठरलं का काही?"

बाइंडरीण पोरीकडं बघून म्हणाली, "मला विचारू नका. मी पुठ्ठा बघून निवडते, आणि त्याचं काय झालं ते समोर आहे."

पोरगी पानांवरून नजर न काढता म्हणाली, "हाच. पण नवा मागवा, कडांसकट. आणि आईनं त्याला हात लावायचा नाही."

"आणि परीक्षा? यात परीक्षा कुठाय?"

नणंदेनं उसासा टाकला. "वर्षाच्या शेवटी माझ्या शाळेत बाहेरून पेपर देईल. गणित मी बघते. गणितात मात्र ठिपके जुळवून भागणार नाही हं भुंग्या, तिथं घाम गाळावा लागेल."

"का?" पोरगी म्हणाली.

"का म्हणजे?"

"का नाही भागणार?"

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं नवऱ्याकडं. "एक वर्ष," तो म्हणाला आणि बूट काढायला उठला.

नवं खोकं आलं. भुंग्यानं ते टेबलाखाली सरकवून खडूनं रेघ मारली, की आईनं या रेघेच्या आत यायचं नाही. रेघेबाहेर बाइंडरीण आपली कापलेली पानं घेऊन, एकदोन पुस्तकं शिवून झाली की, एखादं पान वाचायला घ्यायची. तिला कडांचा आधार नव्हता, त्यामुळं ती भलभलत्या जोड्या लावायची आणि पोरगी खी खी हसायची. गणितात मात्र आत्यानं रडवलं, दोनदा.

पण गुणगुण परत आली ती पूर आल्यासारखी. महिना भरला नसेल, एक गिऱ्हाईक घाईचं काम घेऊन बसलेलं, बाइंडरीण पाठीला खळ फासतेय, आणि टेबलाखालून आवाज. "आई, खळ ओली असते तेव्हा घसरते आणि वाळली की धरते. असं का?"

"चिकटते म्हणून चिकटते. काम करू दे."

"असं उत्तर असतं का?"

बाइंडरिणीच्या डोळ्यांपुढून क्षणभर ती मोठी शाळा तरळून गेली. एवढी काही वाईट नव्हती, वाटलं तिला. मग ब्रश तसाच हातात राहिला. सारं आयुष्य खळीत हात बुडवण्यात गेलं होतं, आणि ती का धरते हे खरंच तिला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकालाही नव्हतं. तिनं त्याला विचारून बघितलं.

"बाई, माझं पुस्तक," गिऱ्हाईक म्हणालं.

"देते हो. पळून जात नाही ते," बाइंडरीण म्हणाली, आणि दोन पट्ट्यांना खळ लावून एक उन्हात ठेवली, एक सावलीत.