पांडूदादाची एक सही

कोर्टापेक्षा आमच्या मालवणच्या ऑफिसातल्या बाकड्यावर जास्त केसेस चालतात, हे माझं ठाम मत आहे. नानांकडे, म्हणजे आमच्या सीनियर वकिलांकडे, मी ज्युनियर म्हणून लागले ती कायदा शिकायला. साठले ते किस्सेच!

कट्टा गावच्या एक आजी काजूच्या बागेचं वाटप करून घ्यायला आल्या.

"सात-बारावर नावं किती?" नानांनी विचारलं.

"बावीस."

"त्यातले हयात किती?"

आजींनी बोटं मोजली. "भांडणारे सगळे हयात आसत!"

शिरोड्याला हद्दीचा वाद होता. आमचा अशील एका माडाकडे बोट दाखवी, शेजारी दुसऱ्याकडे. शेवटी मोजणी झाली आणि दोन्ही माड तिसऱ्याच्याच जमिनीत निघाले! तो बिचारा सकाळपासून टेपचं टोक धरून उभा होता. म्हणाला, "माका कोणी इचारूकच नाय!"

आणि देवबागचा आमचा दत्तू. त्याला होमस्टेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. कर्जासाठी बँकेचे साहेब जागा बघायला आले आणि मागची हद्द विचारू लागले. मागे तर नुसतं पाणी!

दत्तू शांतपणे म्हणाला, "ओहोटी होवंदे साहेब, दाखवतंय."

तेही निभावलं. अडलं ते संमतीपत्रावर. जमीन सामाईक, सगळ्यांच्या सह्या झाल्या, फक्त मुंबईच्या पांडूदादाची राहिली. हा दत्तूचा चुलतभाऊ, दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. बँकेने सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत सही नाही तर फाईल बंद. दत्तूची झोप उडाली.

नानांनी फोनवर समजावलं, "अहो, हक्क जात नाही तुमचा, नुसती संमती आहे."

"सही केलंय तर गावात माझा काय रवला?" म्हणत पांडूदादाने फोन ठेवला. मला राग आला, पण वाईटही वाटलं.

चतुर्थीला नाना संमतीपत्र बॅगेत घालून देवबागला गेले, मीही गेले. भावकीचा गणपती एकच, त्यामुळे पांडूदादा हजर! दुपारची आरती झाली आणि थोरले बाबलकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. त्यांनी देवाकडे एकेक मागायचं आणि बाकीच्यांनी एका सुरात होकार भरायचा, ही आमच्याकडची रीत.

"बा देवा म्हाराजा, पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"होडयेवाल्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पांडूदादाचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

"आणि दत्तूच्या खोल्यांसाठी पांडूची सही होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." पांडूदादा मध्येच थांबला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं!

नानांनी पेन पुढे केलं. पांडूदादाने मूर्तीकडे पाहिलं, मग दत्तूकडे. डोळे पुसत म्हणाला, "करतंय सही. पण दरवर्षी चतुर्थीक समुद्राकडची खोली माझी!"

सगळ्यांच्या आधी दत्तू ओरडला, "व्हय म्हाराजा!"