दोन शनिवार

शनिवारी दुपारी रायरकाका आपल्या कुत्र्याला झोपू देत नसत. तेल लावून न्हाल्यावर दिवसा डोळा लागला की अंगातली उष्णता डोक्यात चढते, असा चेन्नईकडे पक्का समज आहे आणि काकांनी तो मणीलाही लागू केला होता. जेवण झालं की काका व्हरांड्यात खुर्ची टाकून तमिळ पेपर मोठ्यानं वाचायला बसत. समोर मणी पेंगत असे. त्याची मान खाली यायला लागली की काका पेपरातून डोकं न काढता म्हणत, "मणी, डोळे." मणी बिचारा डोळे उघडायचा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. चार वाजता काकांची कॉफी झाली की मग दोघांची सुटका व्हायची.

मी जिन्यात बसून हे बघायची आणि हसायची. दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. नवऱ्याची खडकीहून चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बदली झाली होती आणि क्वार्टर काही मिळत नव्हतं. म्हणून आम्ही जवळच पट्टाभिरामला काकांच्या घरातलं वरचं पोर्शन भाड्यानं घेतलं. काका त्याच कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. घराणं तंजावरचं मराठी, आणि अशा लोकांना तिकडे रायर म्हणतात, म्हणून अख्ख्या गल्लीचे ते रायर आणि माझे रायरकाका. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी जानकी तांबरमला दिलेली. खाली काका आणि मणी, वर मी, नवरा आणि सहा महिन्यांचा ओंकार.

मला तमिळ ओ की ठो कळत नव्हतं. सामान उतरवलं त्या दिवशी मी जिन्यात रडकुंडीला येऊन बसले होते, तेव्हा खालून आवाज आला, "काय गे, पाणी अस्क भरून घेटलीस का? नळ आता जाईल." अस्क म्हणजे सगळं. चांगल्याला ते चोखट म्हणत. माझ्या पणजीच्याही आधीची ती मराठी होती आणि ती तमिळ हेल काढून बोलली जात होती, पण परक्या गावात कुणीतरी 'गे' म्हणून हाक मारली, एवढ्यानंच मी उठून हंडे भरले. नवरा दिवसभर कारखान्यात असे. बोलायला माणूस म्हणून मला रायरकाकाच होते.

मणी राजपाळयम जातीचा. उंच, पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा. त्याचं शनिवारचं न्हाणं हा सोहळा असे. सकाळी काका तिळाच्या तेलात मिरी आणि जिरं टाकून ते कोमट करत. आधी स्वतःच्या टाळूवर थापत, मग मणीच्या कानात कापसाचे बोळे घालून त्याला शेपटीपर्यंत चोळत. नंतर लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यावर खोचलेले काका आणि तेलानं निथळणारा मणी अर्धा तास शेजारी शेजारी उन्हात बसत. रस्त्यानं जाणारी माणसं दोघांनाही वणक्कम करत. मग भाताच्या पेजेत कालवलेली शिकेकाई आणि बंबातलं पाणी. शेवटी धुपाटण्यात सांब्राणी टाकून तिचा धूर मणीच्या पोटाखालून फिरवायचा, बाळंतिणीला देतात तसा. त्या दिवशी दही बंद. दोघांनाही मिऱ्याचा रसमभात. मी एकदा विचारलं, कुत्र्याला हे कशाला? तर म्हणाले, "त्याला काय गरमी होत नाही गे?"

डोक्यावर पाणी अगदी शेवटी. डोकं भिजलं की कुत्रा अंग झाडतो, हे त्यांनीच मला सांगितलं. पायापासून सुरुवात. पुढचा उजवा, पुढचा डावा, मग मागचे. एक पाय झाला की मणी न सांगता दुसरा उचलून हातात देई. काका प्रत्येक बोटाच्या बेचक्यात बोट घालून बघत, काखेत, कानामागे, शेपटीच्या मुळाशी तळहात फिरवत. कारखान्यातही त्यांची हीच ख्याती होती असं माझा नवरा सांगे. मापं बरोबर असली तरी तळहात फिरवल्याखेरीज रायर कुठलाही भाग पास करायचे नाहीत. पोरं वैतागत, पण त्यांच्या हातून गेलेला भाग परत आला नाही म्हणे.

गोचिडीही ते हातानंच काढत. त्यांना ते उण्णी म्हणत. रोज संध्याकाळी व्हरांड्यात चिमटा आणि रॉकेल घातलेली करवंटी घेऊन तासभर बसत. बाजारात औषध मिळतं, दहा मिनिटांचं काम, असं मी सुचवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "हातानं होतं ते औषधानं करू नये," म्हणाले. मी मनात म्हटलं, रिकामा न्हावी.

मे महिन्यात तंजावरहून त्यांचे थोरले भाऊ गेल्याचा फोन आला. तेरा दिवस तिथे राहणं भाग होतं. जानकीही जाणार होती. काका पिशवी घेऊन निघताना मणीच्या मानेत हात घालून थोडा वेळ उभे राहिले. मला त्यांनी भाताचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, उण्णी तेवढ्या रोज बघ म्हणाले. तेलाचं काही सांगितलं नाही. मीच विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या कडेवर मूल आहे. दोन शनवार चुकतील. असो." चिमटा माझ्या हातात देऊन ते गेले.

पहिले दोन दिवस मी चिमटा घेऊन बसले. मग ओंकारला उन्हानं घामोळं आलं, तो रात्रंदिवस किरकिरायला लागला आणि माझं बसणं बंद पडलं. अग्निनक्षत्रातले दिवस होते ते. चेन्नईच्या उन्हाळ्याचा तो सगळ्यात वाईट काळ, आणि गोचिडींचा सगळ्यात चांगला. आठवड्यात मणीच्या कानांच्या कडा भरून गेल्या. दुसऱ्या शनिवारी मला गोचिडी जिन्याच्या भिंतीवरून वर चढताना दिसल्या. सोमवारी सकाळी ओंकारला न्हाऊ घालताना त्याच्या कानामागे एक टम्म फुगलेली गोचीड सापडली.

माझं डोकंच फिरलं. त्या भरात मी मूल काखोटीला मारून आवडीच्या बाजारात गेले आणि गुरांच्या औषधांच्या दुकानातून गोचिडीचं औषध आणलं. दुकानदारानं बोटं दाखवून, खुणा करून नीट समजावलं होतं: बादलीभर पाण्याला एक झाकण, आणि वाळेपर्यंत तोंड बांधायचं. मला सगळं कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण भाषेवर ढकलणं सोपं आहे. घरी येऊन मी बादलीत चार झाकणं ओतली. एकदाच काय त्या मरू देत म्हटलं.

मणीला न्हाणीच्या दगडावर उभं केलं. त्यानं पुढचा उजवा पाय उचलून माझ्या हातात दिला. मग डावा. मग मागचे. मी बेचक्यात बघितलं नाही, काखेत हात फिरवला नाही. फिरवला असता तर कळलं असतं की खाजवून खाजवून तिथलं कातडं सोललेलं आहे. मी नुसतं तांब्या तांब्या ओतत गेले. मग त्याला सावलीत बांधलं आणि वर जाऊन ओंकारला निजवलं. तोंड बांधलं नाही. खाली आले तेव्हा तो आपलं अंग चाटून साफ करत होता.

तासाभरानं त्याची लाळ गळायला लागली, मग पाय थरथरायला लागले. शेजारच्यांनी रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर नाक टेकवून वास घेतला आणि काय लावलं, किती लावलं, ते विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी लगेच नळाखाली त्याला धुवून काढलं, इंजेक्शनं दिली. दुपारी तीनच्या सुमाराला तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर मणी गेला. ओंकारकडे बघून डॉक्टरांनी फक्त मला हात साबणानं धुवायला सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्यानं आणि शेजारच्या दोघांनी परसात नारळाजवळ खड्डा खणून त्याला पुरलं. मग नवऱ्यानं तंजावरचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी खरं सांगायचं ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण काकांचा आवाज आला, "काय गे, मणी चोखट आहे का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, त्याला गोचीडताप आला हो."

मग त्यांनी विचारलं, फार कष्ट झाले का? मी नाही म्हटलं. एका मिनिटात दोनदा खोटं बोलले मी त्या माणसाशी.

तेरावा करून काका आले. पिशवी खाली ठेवून थेट परसात गेले आणि उकिडवे बसून त्या मातीवर तळहात फिरवत राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं काय चुकलं नाही गे. तूं रडूनको. दोन शनवार तेल चुकलं. अंगातली गरमी बाहेर कशी जाईल? तीच चढली त्याला. मला कळायला हवं होतं. माझ्या हातून गेला तो."

हीच ती वेळ होती. ते चार फुटांवर बसले होते, दुसरं कुणी नव्हतं आणि त्यांना समजेल अशी भाषा मला येत होती. मी बोलले नाही. त्यांनी घर सोडायला सांगितलं तर तान्ह्या पोराला घेऊन जाऊ कुठे, असं कारण मी स्वतःला दिलं. ते अर्धंच खरं. त्या गावात मला 'गे' म्हणणारं एकच माणूस होतं आणि ते मला गमावायचं नव्हतं. त्यासाठी मी त्यांना त्यांच्या चुकीच्या समजुतीसह तिथेच बसू दिलं.

पुढच्या शनिवारी काकांनी तेल लावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साठ वर्षं चाललेलं न्हाणं त्यांनी बंद केलं. बंब पेटेना, सांब्राणीचा वास येईना. दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपून जात आणि पेपर घसरून खाली पडे. माणूस दोन महिन्यांत वाळला. जानकी येऊन रागावून गेली, तमिळमध्ये, चढ्या आवाजात. काका ऐकून घेत.

मला ते बघवेना. मी नवऱ्याच्या ओळखीनं एक पिल्लू मिळवलं, गोड, काळ्या कानांचं, आणि ओंकारच्या हातानं काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला, काखा पाहिल्या, दात पाहिले. मग ते उचलून मला परत दिलं. "चोखट आहे," म्हणाले. "पण मला नको. माझ्या हातून एक जीव गेला. याला कशाला?" म्हणजे आता तरी सांगायला हवं होतं. मी पिल्लू घेऊन जिना चढले.

दिवाळीच्या आधी आम्हाला क्वार्टर मिळालं आणि मला सुटल्यासारखं झालं. आवडी काही लांब नव्हतं, दोन स्टेशनं. निघताना काका फाटकापर्यंत आले. ओंकारच्या टाळूवर हात ठेवून मला म्हणाले, "याला शनवारी तेल लाव गे. चुकवूनको. चुकलं की काय होतं ते तूं पाहिलंस." मी वाकून नमस्कार केला. त्यानंतर दोन वर्षं दोन स्टेशनांवर राहून मी त्यांच्याकडे तीनदा गेले असेन, आणि तीनही वेळा नवऱ्याला बरोबर घेऊन, म्हणजे एकटीनं बसायची वेळ येऊ नये. मग आमची पुन्हा खडकीला बदली झाली.

काही वर्षांनी काका गेल्याचं कळवायला जानकीनं कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केला. शेवटी आठ-दहा दिवस अंथरुणावर होते म्हणाली. वरच्या मुलीला, म्हणजे मला, कळवा म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी. मग तिनं सहज म्हणून सांगितलं की अप्पा शेवटपर्यंत त्या कुत्र्याचं काढत होते. शनवारच्या तेलाला मी तंजावरहून परत जायला हवं होतं, म्हणत होते.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. बाजार, चार झाकणं, सोललेलं कातडं, डॉक्टर, फोन, काही म्हणजे काही ठेवलं नाही. बोलता बोलता मी रडत होते आणि खरं सांगायचं तर आतून थोडं हलकंही वाटायला लागलं होतं. माझं संपल्यावर जानकी शांतपणे आपल्या वडिलांच्या मराठीत म्हणाली, "हे तूं अप्पाला सांगायचं होतं गे. मला सांगून तुझं झालं. त्यांचं काय?"