प्लग खुपसण्याआधीचं टक

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईंनी एकतीस वर्षं स्विचबोर्डवर काढली आणि एकदाही हेल काढून बोलल्या नाहीत. हेल काढला की पलीकडच्याला आकडा नीट कळत नाही. बाई शिकाऊ असताना सुपरवायझर बंद दाराबाहेर उभी राही. आतून म्हटलेले आकडे तिला पुन्हा न विचारता लिहिता आले, तरच मुलीला बोर्डवर बसायला मिळे.

अशा बाईंना एका वाहिनीनं जुन्या एक्स्चेंजवरच्या मालिकेची सल्लागार नेमलं. सेटवर इतिहासाची सगळी हौस झुंबरावर भागवली होती. ऑपरेटर मुलींचे केस मोकळे, म्हणजे पहिल्याच वायरीत अडकणारे. बोर्डवर फुलदाणी. आणि नायिका शब्द रबरासारखे ताणत म्हणत होती, "नंबऽऽर सांगाऽऽ जीऽऽ."

"हिला बरं नाहीये का?" बाईंनी विचारलं.

"आजी, तो त्या काळचा लहेजा आहे," दिग्दर्शक म्हणाला. "खास शिक्षक ठेवलाय."

"त्या काळात मी होते. तुमचा शिक्षक होता का? आणि आजी घरी. इथं बाई म्हणा."

झुंबर, केस, लहेजा, सगळ्यावर बाईंनी पाणी सोडलं. एका गोष्टीवर मात्र अडून बसल्या. नंबर जोडण्याआधी प्लगचं टोक भोकाच्या कडेला नुसतं टेकवायचं. कानात टक वाजलं, तर त्या लाइनवर कुणी बोलतंय. हात मागे घ्यायचा. नायिका थेट खुपसत होती.

"म्हणजे ही बया दर वेळी दोघांच्या बोलण्यात तिसरी घुसणार. आमच्याकडे हिला दुपारच्या आत घरी पाठवलं असतं."

"बाई, बघणाऱ्याला काय कळतंय?"

"आमच्या बोर्डवरच्या चौघी जिवंत आहोत अजून. मला बाकीच्या तिघींना तोंड दाखवायचंय. हे चुकलं तर माझं नाव घालू नका."

दिग्दर्शकानं शब्द दिला. नायिकेच्या नखांमुळे तिला प्लग धड धरता येईना, म्हणून हातांचं दृश्य बाईंच्याच हातांवर घेतलं. बाईंनी टोक टेकवलं, थांबल्या, मग जोडलं. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या.

पहिला भाग लागला तेव्हा बाई सुनेबरोबर टीव्हीपुढं बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचे हात आले. टेकवणं, थांबणं कापून टाकलं होतं. बाईंच्या स्वतःच्या हातानं प्लग थेट आत गेला. शेवटी ठळक अक्षरांत आलं: सल्लागार, आणि पुढं बाईंचं पूर्ण नाव.

"अहो आई, केवढं मोठं नाव!" सून म्हणाली.

फोन वाजला. चौघींतलीच एक होती, हसत होती. "काय गं, हात तर तुझेच! म्हातारपणी न बघता खुपसायला लागलीस?"

बाईंनी घसा साफ केला आणि एकतीस वर्षांच्या सपाट, स्वच्छ आवाजात सांगितलं, "नंबर एंगेज आहे."

मग रिसीव्हर जागेवर न ठेवता बाजूला काढून ठेवला. अजून दोघींचे फोन यायचे होते.