आवाजाच्या दोन पट्ट्या

आमच्या बाबांनी काढलेल्या व्हिडिओत माणूस पूर्ण दिसेल अशी आशा कुणी धरू नये. तोंड दिसेल. तेही कपाळ कापलेलं, कान कापलेले, भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा ऐवज तेवढा. माझ्या लग्नाच्या दिवशी त्यांनी तीन तास चित्रण केलं, त्यात मी जेमतेम चार मिनिटं आहे. बाकी सगळी आई. पाहुण्यांना पाणी विचारणारी आई, कुणाचं तरी हरवलेलं पाकीट शोधणारी आई आणि ते शोधताना अखंड बोलणारी आई. नवरामुलगा एकदा आईच्या खांद्यामागून जाताना दिसतो, तोसुद्धा अर्धाच.

बाबा पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर कामाला होते. एकतीस वर्षं. पत्रा सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, वरून साचा धाडकन खाली आला की एक झाकण तयार. मिनिटाला वीस झाकणं, आणि शेजारी तशीच आणखी अकरा मशीनं. कानात कापसाचे बोळे घालायचे, पण त्या धडधडीपुढे कापसाचं काय चालणार? मी पाचवीत असताना त्यांना दाराची बेल ऐकू येईनाशी झाली आणि मी कॉलेजात जाईपर्यंत सगळंच बंद झालं. कानाचं यंत्र आणलं होतं. त्यातून भांड्यांचा खणखणाट दसपट यायचा आणि माणूस काही यायचा नाही. ते यंत्र मग ड्रॉवरमध्ये, जुन्या किल्ल्यांच्या शेजारी गेलं.

त्याऐवजी बाबा ओठ वाचायला शिकले. म्हणजे आईचे ओठ. तिचं बोलणं त्यांना इतकं बरोबर कळायचं की नवख्या माणसाला ते बहिरे आहेत हे अर्धा तास लक्षातच यायचं नाही. माझं मात्र कळायचं नाही, आणि त्यात दोष माझाच होता. त्यांच्याशी बोलायचं तर तोंड त्यांच्याकडे ठेवावं लागे, सावकाश बोलावं लागे. मला कुठली सवड! मी आईला सांगायचे, आई त्यांना सांगायची. घरातल्या घरात आमचा असा टपालखात्याचा कारभार होता.

निवृत्त झाल्यावर हातात पैसे आले, तेव्हा कुणालाही न विचारता बाबांनी आयुष्यातली पहिली चैन केली. व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले. तळहातात मावेल एवढा, बाजूला छोटा पडदा उघडणारा, आत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट घालायची. ज्याला शेजारी उभं राहून हाक मारली तरी ऐकू येत नाही, त्याला बोलता कॅमेरा कशाला, असं मी म्हणाले. फोटोचा साधा घेतला असता तरी चाललं असतं, हेही म्हणाले. अर्थात त्यांच्याकडे पाठ फिरवून म्हणाले, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. आईला कळलं आणि तिने माझ्याकडे रागाने बघितलं.

त्यानंतर सात वर्षं तो कॅमेरा आईच्या तोंडासमोर होता. बाबांच्या सूचना एकाच शब्दाच्या असायच्या, "बोल." इतर लोक म्हणतात हस, इकडे बघ, सरळ उभी राहा. हे म्हणायचे, बोल. आणि आईला बोल म्हणायची गरज होती अशातला भाग नाही. तिच्या जिभेला हाड नव्हतं. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की वाण्यापासून विहिणीपर्यंत सगळे त्याखाली यायचे. बाबा कॅमेरा धरून तिच्याकडे सरकत सरकत इतके जवळ जायचे की ती भाजी चिरता चिरता त्यांना कोपराने मागे ढकलायची. प्रत्येक कॅसेटवर सुबक अक्षरात लिहिलेलं असे, तारीख आणि विषय. 'भाजी निवडताना'. 'गॅलरीत, संध्याकाळी'. 'कपड्यांच्या घड्या, भाग दुसरा'. पहिला भाग कोणी मागितला होता देव जाणे. गल्लीत त्यांना शूटिंगवाले काका म्हणायचे, आणि मीसुद्धा सासरी त्यांच्या नकला करून सगळ्यांना हसवायचे.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायची लाज वाटते, पण ती टाळून बाबांबद्दल सांगताच येणार नाही.

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा माझ्या घरी सगळ्यांना बोलवायचं ठरलं. कल्पना माझीच. सव्वीस कॅसेटमधलं चांगलं चांगलं निवडून डिस्क करून घ्यायच्या आणि मोठ्या टीव्हीवर दाखवायच्या. बाबांनी सगळ्या कॅसेट फडक्याने पुसून, क्रमाने लावून, पिशवीत घालून मला दिल्या. आधी घरी एक लावून बघावी म्हणून मी ती लावली आणि कपाळाला हात मारला. आई मटार सोलत होती आणि माझ्या सासूबाईंबद्दल बोलत होती. "आमच्या विहीणबाईंचं नाक इतकं वर असतं," ती सांगत होती, "की पावसात बाहेर पडल्या तर बुडतील." दुसरी लावली, त्यात नणंदेच्या नवऱ्याचा पगार. तिसरीत माझं स्वतःचं बाळंतपण, नको तितक्या तपशिलात. आणि तो आवाज! थोडा चिरका, वाक्य संपायच्या आत स्वतःच हसायला लागणारा, घरगुती. माझ्या त्या नव्या, गालिचा घातलेल्या दिवाणखान्यात तो कसा वाटेल, याचाच मी विचार करत बसले.

डिस्क करून देणारा दुकानदार भला माणूस होता. मी त्याला म्हणाले, आवाज काढून टाका, वरून काहीतरी बासरी-बिसरी घाला.

"सगळाच काढू, ताई?" त्याने विचारलं. "काकू छान बोलतात हो. मी काम थांबवून ऐकत बसलो होतो. अधूनमधून थोडा ठेवतो ना."

"सगळा काढा," मी म्हणाले.

चार डिस्क झाल्या. रिकाम्या कॅसेट परत नेणार का, असं त्याने विचारलं. पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला वापरता येतील, असं तो म्हणाला. घरात अडगळ कशाला, म्हणून मी त्या तिथेच सोडल्या. रिकाम्या! आजही तो शब्द मला लागतो. बाबांना सांगितलं, म्हणजे आईकरवी सांगितलं, की आता सगळं डिस्कमध्ये आलंय, कॅसेटची गरज नाही. त्यांनी विश्वासाने मान हलवली.

कार्यक्रम छान झाला. पडद्यावर आईचे ओठ हलत होते आणि बासरी वाजत होती. सासूबाई म्हणाल्या, किती शांत वाटतं. मी खूश. बाबा सगळ्यांत पुढे खुर्ची घेऊन बसले होते, पण तोंड पडद्याकडे नव्हतं. खुर्ची उलटी फिरवून ते आम्हा बघणाऱ्यांकडे बघत होते. एकेकाचा चेहरा बघायचे, आणि कुणी हसलं की त्यांचा चेहरा उजळायचा. मला वाटलं, कौतुक हवंय म्हाताऱ्याला.

आई मात्र पहिल्या पाच मिनिटांतच गप्प झाली. कप विसळायला आत गेली, तशी मी मागोमाग गेले. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मीच सुरुवात केली, म्हटलं पाहुण्यांसमोर बरं दिसलं नसतं.

"बरं केलंस," आई म्हणाली. "माझ्या बडबडीत काय ठेवलंय? फक्त यांना सांगू नकोस."

मी सुटले असं मला वाटलं. त्यानंतर कॅमेरा हळूहळू दिसेनासा झाला. बाबांचं खूळ उतरलं असेल, असं मी धरून चालले. मीही माझ्या संसारात, नोकरीत. आईचा फोन यायचा, मी "बरं, ठेवू?" म्हणायचे, आणि ती ठेवायची.

तीन वर्षांनी आई गेली. आजार फक्त अकरा दिवसांचा.

माणूस गेल्यावर आधी चेहरा आठवेनासा होतो असं लोक म्हणतात. खोटं आहे. चेहऱ्याचे फोटो असतात. आवाज जातो. दोन-अडीच महिन्यांतच मला तिची हाक आठवेना. शब्द आठवत, पण ते माझ्याच आवाजात. मग मी वेड्यासारखी शोधाशोध केली. नवऱ्याच्या जुन्या मोबाइलमध्ये वाढदिवसाची एक क्लिप मिळाली, तिच्यात आई एकदा "हो" म्हणते, तेही कुणाच्या तरी शिंकेखाली. त्या दुकानात गेले. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय?

मागच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी मला टीव्हीसमोर बसवलं. कपाटातून चारी डिस्क काढल्या. त्या अजूनही स्वच्छ रुमालात गुंडाळलेल्या होत्या. एक लावली आणि रिमोट माझ्या हातात दिला.

"आवाज किती ठेवायचा ते तू बघ," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज मोठा आणि सपाट, मशीनवर ओरडून बोलायच्या सवयीचा. "मला कळत नाही."

बासरी सुरू झाली. मी आवाज थोडा वाढवला, काहीतरी करायचं म्हणून. पडद्यावर आई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बोलत होती. मध्येच बाबा खो खो हसले. मग माझ्याकडे वळले.

"तू हसली नाहीस."

मी टीव्हीकडे बघतच म्हणाले, आधी ऐकलंय मी.

ते खुर्ची सरकवून माझ्या समोर आले, माझे ओठ दिसतील असे बसले, आणि विचारायला लागले. आईचा आवाज म्हातारपणी कसा झाला होता? जाड झाला होता का? त्यांच्या डोक्यात आहे तो तिच्या तिशीतला, त्यापुढचा त्यांनी ऐकलाच नाही. मी मान खाली घातली, तेव्हा त्यांना वाटलं मला रडू येतंय. मला धीर द्यावा म्हणून ते मग कॅमेऱ्याचं सांगायला लागले.

कॅमेऱ्याच्या त्या छोट्या पडद्यावर खाली दोन बारीक हिरव्या पट्ट्या असायच्या. आवाज आला की त्या उड्या मारायच्या. दुकानात विकणाऱ्याने ते दाखवलं आणि बाबांनी त्यासाठीच तो कॅमेरा घेतला. आई बोलायला लागली की पट्ट्या नाचायच्या, लांब गेलं की पडून राहायच्या. म्हणून जवळ जायचं, आणखी जवळ. चित्र कसं येतंय याच्याकडे त्यांचं लक्षच नसायचं.

"मला ऐकू येणार नव्हतंच," बाबा म्हणाले. "म्हटलं, आपल्याला नाही तर नाही, पोरीला तरी राहील. तू घाईत असायचीस. पुढे कधीतरी ऐकावंसं वाटेल तुला. मी डोळ्यांत तेल घालून पट्ट्या बघायचो. एक शब्द सांडू दिला नाही मी."

तो माणूस सात वर्षं तिथे उभा राहून माझ्यासाठी तिचा आवाज गोळा करत होता, आणि मी त्याच्या नकला करत होते.

खोटं बोलता आलं असतं. खूप छान ऐकू येतोय म्हटलं असतं तर त्यांना कधीच कळलं नसतं. पण इतकी वर्षं त्यांच्याकडे तोंड करून मी एक धड वाक्य बोलले नव्हते, आणि पहिलंच बोलायचं ते खोटं, हे मला जमेना. मी डोळे पुसले, मान वर केली आणि सावकाश बोलले, "बाबा, यात आवाज नाही. मी काढायला लावला होता. आईचं बोलणं लोकांसमोर नको, म्हणून. कॅसेटही दुकानातच सोडल्या."

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. शब्द न् शब्द, तेवढ्याच सावकाश.

ते टीव्हीकडे वळले. आई टॉवेलची घडी घालत काहीतरी सांगत होती, त्यांना ते कळत होतं, मला नाही.

"तिला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले. "त्या दिवसानंतर कॅमेरा काढला की ती म्हणायची, राहू द्या, आज गळा बसलाय. शेवटपर्यंत बसलेलाच होता. मला काय कळणार खरंच बसलाय का ते? मी आपला मीठ घालून पाणी गरम करून द्यायचो, गुळण्या कर म्हणायचो. आणि ती करायची बिचारी."