शिक्का मारलेला प्रोजेक्ट

चहा सांगितलाच आहे तर ऐका. स्वतःची फजिती स्वतःच सांगितलेली बरी, नाहीतर गावातली पोरं तिखटमीठ लावून सांगतात.

मी सिरसाळ्याला अकरावी-बारावीला संख्याशास्त्र शिकवतो आणि जवळच्याच वाडीत राहतो. एका वर्षी पोरांना प्रोजेक्ट दिला. मनात सलणारा एक प्रश्न निवडा, घरोघरी विचारा, उत्तर शोधा. बहुतेकांनी मोबाईल आणि क्रिकेट धरलं. आमच्याच वाडीतली नाझनीन, पंक्चर काढणाऱ्या रफिकभाईची पोरगी, तिनं मात्र वेगळंच निवडलं. वाडीतल्या पोरी दहावीनंतर शाळा का सोडतात?

तिची जिवाभावाची मैत्रीण महानंदा दहावी होऊन घरी बसली होती. नाझनीनला अब्बा गाडीवर सोडायचे, महानंदाच्या घरी गाडी नव्हती. नाझनीनचं म्हणणं, सगळा घोळ बसच्या वेळेचा. मी छाती काढून शब्द दिला, तसं निघालं तर तुझे आकडे घेऊन मी स्वतः परळीच्या डेपोत जाईन. पोरीचा चेहरा असा खुलला, की मलाच भरून आलं.

आता बघा माझी अक्कल. एवढ्याशा पोरीला उत्तर कोण देणार? म्हणून तिला कॉलेजचं पत्र दिलं, त्यावर गोल शिक्का हाणला, वर गळ्यात ओळखपत्र अडकवलं. अहो, शिक्का! आपल्याकडं शिक्का दिसला की माणूस आधी आधारकार्डाची झेरॉक्स काढतो, मग विचारतो काय हाय म्हणून.

झालं. वाडीला वाटलं, सरकारी योजनाच आली. घरटी एक पोरगी शाळा सोडलेली निघायला लागली. कारण विचारलं की गरिबी. दारात ट्रॅक्टर उभा, तरी गरिबी. माझ्या वर्गात रोज पुढच्या बाकावर बसणारी पोरगीसुद्धा तिच्या बापाच्या मते घरीच होती.

नाझनीन रडवेली होऊन आली. "सर, कुणीच खरं बोलंना. आता महानंदाचं कसं व्हायचं?"

मी तिला ऐकवलं, अडाणी लोकांचं असंच असतं, शिकलेला माणूस असं खोटं सांगत नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

रविवारी हॉटेलात चहा पिताना कानावर आलं, शाळा सोडलेल्या पोरींना सायकली मिळायल्यात, गिरणीपाशी नावं घ्यायलेत. माझी पोरगी सई तर रोज शाळेत जायची. पण सायकलीसाठी तिनं माझं डोकं खाल्लं होतं. म्हटलं, पात्रता मागून बघू, आधी लाईन तर धरू. तुम्ही म्हणाल, मास्तर, शंका कशी आली नाही? प्रोजेक्टमध्ये सायकल नव्हतीच की! ती वाडीनं परस्पर वाढवली होती.

लाईन सरकत सरकत पुढं पोचलो, तर खुर्चीवर नाझनीन. मांडीवर लोकांनी कोंबलेल्या झेरॉक्सचा ढीग. काही मिळणार नाही, घरी जा, असं बिचारी प्रत्येकाला सांगत होती आणि कुणी हलत नव्हतं. तिनं माझ्या हातातल्या सईच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाली, "सर, सईनं शाळा कावून सोडली?"

मागून कुणीतरी माझ्या वतीनं सांगितलं, "गरिबी."

संध्याकाळी तिनं पत्र आणि ओळखपत्र मला परत आणून दिलं. मग रिकाम्या हातानं बायकांत जाऊन बसली, त्यांच्याबरोबर शेंगा फोडत गप्पा मारल्या. तेव्हा कुठं खरं बाहेर आलं. पहिली बसच कॉलेज भरल्यावर येते. तिचे आकडे घेऊन मी डेपोत गेलो, साहेब भेटेपर्यंत उठलो नाही. लाजेनं माणूस लई चिवट होतो. बसची वेळ बदलली. खरं सांगतो, नोकरीत एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

जूनमध्ये महानंदा अकरावीला आली. पहिल्याच दिवशी मी मायेनं विचारलं, "बाळा, मध्ये शिक्षण का थांबलं होतं?"

"बस नव्हती, सर." एवढं बोलून खाली बसावं की नाही? तिला पुढचं कुणी शिकवलं ते सांगायला नको. "आन् सईचं कावून थांबलं, सर?"

मी तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "गरिबी."