हिरव्या कडेची ज्योत

‘लक्षात ठेवा’ हे शब्द अक्कांना वर्ज्य होते. व्हाइटफील्डच्या आमच्या पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना त्या एवढेच विचारत, “काय दिसलं?” पुस्तकातले उत्तर दिले की म्हणत, “ते पुस्तकाला दिसलं. तुला?”

त्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात रुजलेल्या मराठी घरातल्या. आम्ही नोकरीपायी पुण्याहून आलेले. ‘मॅडम’ म्हटलेले त्यांना खपत नसे, ‘अक्का’च म्हणायचे.

बोरॉनवर त्यांचा विशेष जीव. त्याच्या अनेक संयुगांत त्याच्या बाहेरच्या कक्षेत सहाच इलेक्ट्रॉन असतात. शेजारचा कार्बन मात्र आठांचा संसार थाटून बसलेला. प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये पाठ केलेले ‘अपूर्ण अष्टक’ मी म्हणून दाखवले, तेव्हा अक्का उसळल्या. “अपूर्ण कशाला गं? त्या रिकाम्या जागेच्या जोरावरच तो दुसऱ्याची इलेक्ट्रॉनांची जोडी ओढून घेतो. कार्बनला जमेल? भरलेलं घर ते, पाहुणासुद्धा घेत नाही!”

पुढे प्राचार्यांनी प्रयोगशाळा मोडून तिथे सराव परीक्षांसाठी संगणक बसवायचे ठरवले. खोली मोजायला त्यांच्यासोबत माणसे आली, ती नेमकी आमच्या तासाला. “सर, स्वल्प थांबा,” म्हणत अक्कांनी पडदे ओढले, बशीत बोरॅक्स, आम्ल आणि स्पिरिट घेऊन काडी लावली. ज्योतीला हिरवीगार कड आली. टेप धरलेला माणूस “अय्यो!” म्हणून तिथेच उभा राहिला.

“छान,” प्राचार्य म्हणाले. “पण प्रवेशपरीक्षेत याला मार्क किती?”

“एकही नाही, सर. म्हणून तर दाखवते.”

प्रयोगशाळा गेलीच. अक्कांनी राजीनामा दिला आणि आनेकलच्या एका लहान कॉलेजात रुजू झाल्या. पगार कमी, बसचा प्रवास लांबचा, पण प्रयोगशाळेचे ओटे आणि नळ शाबूत. घरच्यांनी माझ्यासाठी संगणकशाखा ठरवली होती. मी रसायनशास्त्र घेतले. आज बोरॉनची संयुगेच बनवते.

गेल्या महिन्यात त्याच जुन्या कॉलेजाने मला ‘यशाचा मंत्र’ सांगायला बोलावले. मी अक्कांना फोन केला. “याल का?”

“माझी प्रॅक्टिकल्स आहेत गं. तू जा. आणि मंत्र-बिंत्र सांगू नकोस, सरी?” त्यांचे नेहमीचे कानडी ‘सरी’, म्हणजे ‘बरं’.

संगणकांच्या रांगांसमोर मी पिशवीतून बशी काढली, तसे प्राचार्य लगबगीने पुढे आले. “मॅडम, इथे आग चालत नाही.”

“सरी,” मी म्हणाले, आणि अख्खा वर्ग उठवून बाहेर, जिन्याखालच्या अंधारात नेला. वाळूची बादली शेजारी ठेवून बशी तयार केली.

“हिरवी ज्योत, मॅडम! बोरेट!” काडी पेटण्याआधीच एका मुलीने पाठ केलेले उत्तर दिले.

“ते पुस्तकाला दिसलं,” मी काडी ओढली. “आता तू बघ.”