मागची बाजू कोरी होती

फसवले गेले ते आमच्या गल्लीतले विणकर काका. गेल्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी साडेदहाला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा गाऊन अंगावर असताना.

त्यांचा हातमाग कधीच मोडीत निघाला, पण हाताची सवय गेली नाही. काहीही दिलं की ते आधी उलटं करायचे. साडी, सोनपापडीचा डबा, माझं पत्रक. “गाठी मागं राह्यते वं पोरी.” छुप्या दरांविरुद्ध मी पत्रकं वाटते, हे त्यांना ठाऊक. एकदा पत्रक उलटून म्हणाले, “मागं काहून कोरं? कागद फुकट आला काय?”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दुकानदाराला नकोसा, गल्लीला हवासा.

एका खासगी दवाखान्याची जाहिरातही त्यांनी उलटली. पुढे ‘मोतीबिंदू ऑपरेशन फक्त ४,९९९’, मागे पांढरं स्वच्छ. म्हणजे त्यांच्या लेखी माल बिनगाठीचा. “येतं काय सोबत?” त्यांनी मला विचारलं. माझं त्या दिवशी मनीषनगरात पत्रकवाटप. “तुम्हाला कोण फसवणार?” म्हणून मी हसले.

साडेदहाला फोन. आवाज ओळखू येईना. “लवकर ये वं. डोळ्यात थेंब टाकले, अन् आता म्हणते भिंगाचे अठरा हजार अलग. बिनभिंगाचा डोळा कोण करते?”

मी पोचले तेव्हा ते बाकावर बसून जाहिरात उलटसुलट करत होते. पुन्हा पुन्हा. काउंटरवरची बाई मला म्हणाली, “लेन्स, तपासण्या, खोली वेगळी असते, मॅडम. सगळीकडेच असते.” मी भांडले, आवाज चढवला. काकांनी माझी ओढणी घट्ट धरली होती.

“चाल वं पोरी. डोळा चिरल्यावर अर्ध्यात अजून मांगतले तं? तेव्हा मी उठून जाऊ शकतो काय?”

त्यांनी गाऊन उतरवला, आणि ऑपरेशन न करताच आम्ही घरी आलो.

त्यानंतर सरकारी दवाखान्याचं नाव काढलं तरी ते आतून कडी लावून घ्यायचे. दिसेनासं होत गेलं, तशी लेकीनं त्यांना आपल्या गावी, कुहीला नेलं.

परवा भेटून आले. नवं पत्रक हातात दिलं. त्यांनी ते लगेच उलटलं, नाकाशी धरलं, बोटानं चाचपलं.

“मागं काही लिहिलं काय वं?”

या वेळी मागची बाजू गच्च भरलेली होती: दवाखान्यात आधी काय काय विचारायचं, ते सगळं.

तुमच्या गल्लीतलं कुणी ‘येतं काय सोबत’ म्हणालं, तर हातातलं काम टाका आणि जा. सगळं धरून किती, ते कागदावर लिहून मागा, सही-शिक्क्यासकट. डोळ्यात थेंब पडायच्या आधी.